उन्हाळी टायरच्या कसोट्या

मोटारीच्या टायरला सुरुवातीची तीसचाळीस वर्षे ऋतू नव्हता. रस्त्यावर धूळ असो, चिखल असो वा बर्फ, टायर एकच. १९३४ मध्ये फिनलंडमधील सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने बर्फात रुतणाऱ्या मालमोटारींसाठी खोल खाचांचा वेगळा टायर काढला आणि १९३६ मध्ये ‘लुमी-हाक्कापेलिइत्ता’ या नावाने तो प्रवासी मोटारींनाही दिला. हिवाळी टायर असा वेगळा निघाल्यावर मागे राहिलेल्या साध्या टायराला उत्तर युरोपात हळूहळू ‘उन्हाळी’ म्हणू लागले. दोघांतला फरक नक्षीचा आहे, तसा रबराचाही आहे. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर घट्ट राहते, पण साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ते कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी रबर थंडीत मऊ राहते आणि उन्हात भराभर झिजते. भारतात ही वाटणी झालीच नाही. कोल्हापूर किंवा नागपूरच्या दुकानात कोणी ‘उन्हाळी टायर द्या’ असे म्हणत नाही, कारण तिथे मिळणारा मोटारीचा जवळजवळ प्रत्येक टायर उन्हाळीच असतो.

नावात उन्हाळा असला तरी या टायराची खरी परीक्षा पाणी घेते. कोरड्या डांबरावर चांगला टायर आणि सुमार टायर यांच्या थांबण्याच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. तोच रस्ता भिजला की हा फरक गाडीच्या लांबीएवढा किंवा त्याहूनही मोठा होतो. परीक्षकांना ही गोष्ट पटायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. टायरांची तुलना त्याआधीही होत होती. पण प्रत्येक पिढीने तिला जे खुपत होते तेवढेच मोजले.

पहिली तुलना मोटारीच्या जन्माआधीची. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण आणि ते सगळे लाकडी चाकाला बोल्टने आवळलेले, अशी ती रचना होती. त्या काळची घोडागाडी आपल्याकडच्या बैलगाडीसारखीच लोखंडी धावेवर चालत असे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये थॉमसनने ही ‘हवाई चाके’ लोकांसमोर चालवून दाखवली. धावेच्या चाकाला ओढायला किती जोर लागतो आणि हवेच्या चाकाला किती, हेही मोजून पाहिले गेले. सपाट रस्त्यावर हवेच्या चाकांना कमी जोर लागला. नुकतीच खडी पसरलेल्या रस्त्यावर तर दोन्हींतले अंतर फारच मोठे निघाले. एका गाडीवर ही चाके सुमारे १,२०० मैल टिकली अशीही नोंद आहे. तरीही रबर महाग होते आणि घोड्याचे श्रम वाचवण्यासाठी एवढा खर्च करायला गाडीवाले तयार नव्हते. शोध विसरला गेला.

तो इतका विसरला गेला, की चार दशकांनी बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच गोष्ट पुन्हा शोधली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंटही मिळवले. दोन वर्षांनी थॉमसनचे जुने पेटंट समोर आले आणि डनलॉप यांचे रद्द ठरले. त्यांची मूळ चाचणी आजच्या प्रयोगशाळांनीही दाद द्यावी अशी सुटसुटीत होती. मुलाच्या तीनचाकी सायकलचे एक चाक त्यांनी काढले, हवेची रबरी नळी बसवलेली लाकडी चकती त्याच्याशेजारी ठेवली आणि दोन्ही अंगणातून घरंगळत सोडली. सायकलचे चाक थोडे जाऊन आडवे झाले. चकती अंगणाच्या टोकापर्यंत गेली. घरंगळण्याला होणारा हाच विरोध आज लोलन-विरोध या नावाने मोजतात, आणि आजच्या टायर-लेबलवरही त्याला पहिला मान आहे. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने हेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि हवेच्या टायरबद्दलची शंका मिटली.

शर्यत हीच पुढची वीस वर्षे टायरांची प्रयोगशाळा होती. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील आंद्रे आणि एदुआर मिशलँ या बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता-घालता येणारा सायकलचा टायर केला, आणि शार्ल तेराँ त्यावरच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस मोटार शर्यतीत हवेच्या टायरांवर गाडी आणायला कोणी तयार होईना, तेव्हा भावांनी स्वतःच ‘एक्लेर’ नावाची मोटार त्यांवर चालवली. सुमारे १,२०० किलोमीटरच्या वाटेत नळ्या पुन्हा पुन्हा फुटल्या आणि ठरलेली वेळ कधीच उलटून गेली, पण गाडी परत आली. निकालाच्या हिशेबाने तो पराभवच. तरीही मोटार हवेवर चालू शकते एवढे त्याने सिद्ध केले.

मोटारीचे वजन आणि वेग वाढला तसा टिकाऊपणाचा प्रश्न पुढे आला. सुरुवातीचे टायर रबराच्या मूळ रंगाचे किंवा जस्ताच्या ऑक्साइडमुळे पांढरे असत आणि काही हजार किलोमीटरांत झिजून जात. त्यांचा तळ गुळगुळीत होता, म्हणजे आजच्या भाषेत ते जन्मतःच गोटा होते. कॉन्टिनेन्टल कंपनीने १९०४ मध्ये मोटारीच्या टायरावर पहिल्यांदा नक्षी कोरली. मिशलँने १९०५ मध्ये चामड्याच्या तळात पोलादी खिळे ठोकून पाहिले. १९०८ मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने ‘नॉन स्किड’, म्हणजे न घसरणारे, ही अक्षरेच टायरच्या तळावर उमटवली. अक्षरांच्या कडा रस्ता धरत आणि मातीत जाहिरातही छापत, असा दुहेरी बेत होता.

या सगळ्यांहून मोठा बदल काजळीने केला. लंडनच्या सिल्व्हरटाऊन भागातील रबर कारखान्यात १९०४ च्या सुमारास रबरात काजळी मिसळून पाहिली गेली, आणि रबर घासण्याला कितीतरी चिवट झाले. १९१० नंतर अमेरिकेत गुडरिचने ही कृती मोठ्या प्रमाणावर वापरली. टायरचा काळा रंग हा या मिश्रणाचा परिणाम. रंगासाठी म्हणून काजळी घातली जात नाही. त्या काळात टायरची प्रत सांगताना दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच आकड्याबद्दल बोलत: किती मैल गेला.

हा आकडा दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उसळला, तो रेडियलमुळे. तोवरच्या टायरमध्ये दोऱ्यांच्या थरांची घडण तिरपी असे. एक थर डावीकडे झुकलेला, दुसरा उजवीकडे. चाक फिरताना हे थर एकमेकांवर कात्रीसारखे सरकत, टायर तापे आणि त्याचा तळ रस्त्यावर चिमटला जाई. दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, म्हणजे चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने, न्यायचे आणि तळाखाली वेगळा पट्टा घालायचा, ही कल्पना १९१० च्या दशकात इंग्लंड आणि अमेरिका या दोन्हीकडे पेटंटपुरती येऊन गेली होती. मिशलँने १९४६ मध्ये पोलादी पट्ट्याच्या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे ‘एक्स’ या नावाने टायर बाजारात आणला. मारिउस मिन्योल या कर्मचाऱ्याचे नाव या शोधाशी जोडलेले आहे. त्याने बनवलेला प्रयोगाचा टायर सांगाड्यासारखा दिसे म्हणून कारखान्यात त्याला ‘माश्यांचा पिंजरा’ म्हणत. १९५० च्या लांचिया ऑरेलिया मोटारीला कारखान्यातूनच रेडियल बसवून येत. अमेरिकन कारखानदारांना यंत्रे बदलण्याचा खर्च नको होता, म्हणून त्यांनी बराच काळ टाळाटाळ केली. १९६८ मध्ये ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने तुलना करून रेडियल रचनेचे श्रेष्ठत्व मान्य केले, आणि नंतर ही टाळाटाळ फार काळ टिकली नाही. जाहिरातीपेक्षा तुलनेच्या तक्त्याने बाजार हलवल्याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

भारतात टायरचा व्यवसाय हुगळीकाठच्या साहागंज येथील डनलॉपच्या कारखान्यापासून, म्हणजे १९३६ पासून, स्थिरावला. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता, आणि १९५८ मध्ये इटलीतील सिएटच्या सहकार्याने स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना भांडुपला उभा राहिला. अँबॅसडर आणि पद्मिनी या मोटारी मात्र कितीतरी वर्षे तिरप्या थरांच्या टायरांवरच चालल्या. दुकानात त्यांना ‘नायलॉन टायर’ म्हणत. नायलॉन हा दोऱ्याचा प्रकार, रचनेचा नव्हे, पण नाव चिकटले ते चिकटले. जे. के. टायरने १९७७ मध्ये रेडियल बनवायला घेतला. तो सर्रास झाला तो मारुती आल्यानंतरच्या काळात.

रस्त्यावरच्या पाण्याचा विचार शास्त्राने गंभीरपणे केला तो १९५० च्या दशकात. केंब्रिजचे पदार्थवैज्ञानिक डेव्हिड टेबर रबराच्या घर्षणावर काम करत होते. रबर दाबले आणि सोडले की दिलेली सगळी ऊर्जा परत येत नाही, काही उष्णता होऊन जाते. पाण्याने वंगण झालेल्या रस्त्यावर रबर खडीच्या टोकांवर दबत-सुटत सरकते, आणि तिथे पकड बरीचशी या वाया जाणाऱ्या ऊर्जेतूनच मिळते. टेबर यांनी ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील जाइल्स आणि बार्बरा सॅबी यांच्यासह १९५८ मध्ये हे प्रसिद्ध केले. ऊर्जा जास्त खाणारे रबर वापरले तर ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबेल, असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि तसे टायर ब्रिटनमध्ये निघालेही. पण तेच रबर साध्या चालीतही ऊर्जा खाणार, म्हणजे पेट्रोल जास्त जाळणार. थॉमसन आणि डनलॉप यांनी जे मिळवले होते तेच इथे पकडीच्या बदल्यात द्यावे लागत होते. पकड, झीज आणि लोलन-विरोध यांच्या या ओढाताणीला टायर-उद्योगात ‘जादूचा त्रिकोण’ म्हणतात. एक कोन ओढला की उरलेल्या दोहोंपैकी एखादा तरी आत जातोच.

दुसरा धडा विमानांकडून आला. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाके फिरायचीच थांबतात आणि ब्रेक निकामी होतात, याचा अभ्यास नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी केला. १९६३ मध्ये हॉर्न आणि त्यांचे सहकारी ड्रेहर यांनी दाखवले, की ठरावीक वेगाच्या पुढे चाकासमोरचे पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. त्याचा दाब टायरला उचलतो आणि चाक पाण्यावर तरंगते. हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यांच्या सूत्राने ३२ पौंड दाबाच्या टायराला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, तर २४ पौंडांना ८२ च्या जवळपास. सूत्र गुळगुळीत टायर किंवा नक्षी बुडवणाऱ्या खोल पाण्यासाठी आहे. चांगल्या खाचा असतील तर पाण्याला वाट मिळते आणि वेग वर सरकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात मोटारींना ताशी १०० ची मुभा आहे, हे लक्षात घेतले की पावसाळ्याआधी हवा तपासण्याचा सल्ला निव्वळ उपचार वाटत नाही. या अभ्यासानंतर खाचा म्हणजे पाणी वाहून नेणारे पाट, असा नक्षीचा विचार सुरू झाला. १९६९ मध्ये युनिरॉयलने युरोपात ‘रॅली १८०’ हा टायर खास पावसाचा म्हणूनच विकायला काढला.

सरकारने टायरांना गुण द्यावेत ही कल्पना अमेरिकेतली. १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने ती मांडली. अमलात यायला १९७९-८० उजाडले, कारण कारखानदार न्यायालयात गेले. या पद्धतीत झीज, ओली पकड आणि उष्णता-सहनशक्ती अशा तीन श्रेणी टायरच्या बाजूवर कोरतात. झिजेची चाचणी टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या वाटेवर होते. मोटारींचा ताफा ७,२०० मैल फिरतो आणि प्रमाण-टायरच्या तुलनेत आकडा ठरतो. प्रमाण-टायरला १०० धरले तर दुप्पट टिकणाऱ्याला २००. गंमत अशी, की श्रेणी शेवटी कारखानदार स्वतःच जाहीर करतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसे काही कळत नाही. सरकारने १९८३ मध्ये झिजेची श्रेणी स्थगित केली, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती परत आणली. ओल्या पकडीची चाचणी ताशी ४० मैलांना चाक पूर्ण जाम करून होते, म्हणजे अँटिलॉक ब्रेकच्या गाडीत जे सहसा घडतच नाही ते मोजले जाते.

जी गोष्ट तक्त्यात नसते ती कशी बोचते, हे त्याच सुमारास दिसले. फायरस्टोनच्या ‘५००’ या रेडियल टायरचे पोलादी पट्टे आतल्या आत सुटू लागले आणि १९७८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख टायर परत बोलवावे लागले. थांबण्याच्या अंतरात किंवा नक्षीच्या झिजेत असला दोष दिसून येत नाही.

उन्हाळी टायरच्या तुलनेला आजचे शिस्तीचे रूप दिले ते जर्मनीतील ग्राहक-संस्था, मोटारचालकांचा संघ आणि मोटार मासिके यांनी. तिथे टायर वर्षातून दोनदा बदलण्याची प्रथा असल्याने वसंतात ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न घरोघरी असतो. १९०३ मध्ये स्थापन झालेला आडाक हा मोटारचालकांचा संघ दरवर्षी ठरावीक मापाचे टायर सर्वसामान्य दुकानांतून विकत घेतो, कारण कंपनीने पाठवलेला नमुना निवडक असू शकतो. मोटार एकच, चालक तेच, हवेचा दाब एकच. दिवसभरात ऊन चढते, डांबर तापते, पाण्याचा थर बदलतो; म्हणून मधूनमधून एक प्रमाण-टायर पुन्हा चालवतात आणि बाकीच्यांचे आकडे त्यावरून दुरुस्त करतात. ही साधी खबरदारी नसेल तर सकाळी तपासलेला आणि दुपारी तपासलेला टायर यांची तुलना म्हणजे हवामानाची तुलना होते. ओल्या रस्त्यावरचे ब्रेक, पाण्याने भरलेल्या चरात तरंगायला लागण्याचा वेग, ओल्या वर्तुळावर बाजूची पकड, कोरड्यावरचे वळण, आवाज, इंधन, झीज अशी ही यादी आहे.

अंतरातला फरक आकड्यांत किरकोळ वाटतो. समजा, ताशी ८० किलोमीटरवरून एक गाडी ३० मीटरांत थांबली आणि दुसरी ३६ मीटरांत. पहिली जिथे उभी राहिली तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ३३ किलोमीटरच्या जवळपास असतो. सहा मीटरांचा खरा अर्थ हा. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण तळहाताएवढा, आणि असे चार तळहात टनभराहून जड गाडी थांबवत असतात.

त्रिकोणाची गाठ थोडी सैल केली ती वाळूच्याच नात्यातल्या एका पदार्थाने. लोलन-विरोध चाकाच्या संथ, नियमित दबण्यातून येतो; पकड मात्र खडीच्या सूक्ष्म टोकांवरच्या अतिवेगवान थरथरीतून. दोन्ही ठिकाणी रबर ऊर्जा खाते, पण वेगवेगळ्या कंपनसंख्येला. मग पहिल्या ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त खाणारे मिश्रण का करू नये? मिशलँच्या रोलाँ रोलीन यांनी काजळीऐवजी मुख्यतः सिलिका आणि तिला रबराशी बांधणारे सिलेन वापरून ते साधले. १९९२ पासून असे टायर ‘हरित टायर’ म्हणून विकले जाऊ लागले. इंधन वाचले आणि ओली पकडही टिकली. पूर्वी इंधन वाचवणारा टायर म्हटला की घसरणारा, हे जवळजवळ गृहीतच असे.

युरोपीय संघाने १ नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचे केले. त्यावर लोलन-विरोध, ओली पकड आणि बाहेरचा आवाज असे. १ मे २०२१ पासून श्रेणी ए ते ई अशा पाचच राहिल्या आणि बर्फाची चिन्हे आली. ओल्या पकडीसाठी ताशी ८० वरून २० पर्यंतचा ब्रेक मोजून तो प्रमाण-टायरशी ताडतात. मोटारीच्या टायरला १.५५ किंवा जास्त निर्देशांक मिळाला तर ए, १.०९ किंवा कमी असेल तर ई. लेबलाचा उपयोग मोठा, पण त्याची नजर अरुंद आहे. त्यात वळणावरची पकड नाही, तरंगण्याचा वेग नाही, आणि टायर किती टिकेल हेही नाही. म्हणूनच मासिकांची आणि संघांची तुलना लेबलानंतरही संपली नाही.

भारताने ही वाट युरोपीय नियमांच्या धर्तीवर धरली. ए.आय.एस.-१४२ या मानकाने लोलन-विरोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवल्या, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून मोटारींच्या नव्या घडणीच्या टायरांना त्या लागू झाल्या. ऊर्जा दक्षता ब्युरोने त्याच सुमारास इंधन-बचतीसाठी ताऱ्यांचे ऐच्छिक लेबल सुरू केले. वाहनांच्या मान्यतेचे काम पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय संस्था करत आलीच होती. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टीही खुली झाली. ताऱ्यांचे लेबल सांगते ते इंधनाबद्दल, पकडीबद्दल नाही. कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसात गाडी चालवणाऱ्याला नेमके उलटे हवे असते.

अलीकडच्या कसोट्या दोन जुन्या दुर्लक्षित गोष्टींकडे वळल्या आहेत. आडाकने २०२१ मध्ये सुमारे शंभर प्रकारच्या टायरांची झीज तपासली, तेव्हा एका मोटारीचे टायर दर हजार किलोमीटरला सरासरी १२० ग्रॅम रबर रस्त्यावर सांडतात असे निघाले. २०२३ पासून या संघाने एकूण गुणांत ७० टक्के सुरक्षेला आणि ३० टक्के पर्यावरणाला द्यायला सुरुवात केली, आणि पकडीत उत्तम पण भराभर झिजणारे काही टायर खाली घसरले. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांत झिजेवर प्रथमच कायद्याची मर्यादा आली. मोटारीच्या नव्या प्रकारच्या टायरांना ती २०२८ पासून लागू होईल.

दुसरी गोष्ट जुन्या टायरची. गेल्या दीडशे वर्षांतल्या बहुतेक तुलना कोऱ्या टायरांच्या आहेत, आणि कोऱ्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल खाचा असतात. रस्त्यावर चालणारा टायर त्याचे बहुतेक आयुष्य त्याहून उथळ खाचांवर काढतो, १.६ मिलिमीटरपर्यंत तो भारतातही कायदेशीर आहे. कोरेपणी ओल्या रस्त्यावर बरोबरीने उतरलेले दोन टायर झिजल्यावर एकमेकांपासून बरेच दूर जाऊ शकतात, कारण एकाच्या खाचा खालपर्यंत सरळ उतरतात आणि दुसऱ्याच्या निमुळत्या होत बुजतात. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या प्रकारच्या टायरांची ओली पकड झिजलेल्या अवस्थेतही तपासली जाते. त्यासाठी टायर रस्त्यावर फिरवून झिजवत नाहीत. यंत्रावर त्याची नक्षी घासून उतरवतात, मग त्याला पाण्याने भिजवलेल्या पट्ट्यावर नेऊन ब्रेक लावतात.